रिमोटच्या जीपला खरे दिवे

कात्यायनीच्या टेकडीवर दगडधोंड्यांतून माझी क्रॉलर, म्हणजे खडकांवरून हळूहळू चढणारी रिमोटची गाडी, चढवत होतो. सूर्य पन्हाळ्याकडं उतरला, गाडी एका खडकाच्या सावलीत शिरली आणि दिसेनाशी झाली. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मामा, वडापची जीप हाय आणि तिला लाइटच न्हाईत?" बोलणं रास्त होतं. गाडी एकास दहा मापाची. तिच्यावर मी खटपट करून जुन्या वडापच्या जीपसारखी बॉडी चढवली होती. पांढरा रंग, टपावर कॅरिअर, मागं शिडी, सगळं होतं. हेडलाइटच्या जागी मात्र चंदेरी स्टिकर चिकटवलेले.

त्या जीपला पुढं दोन हेडलाइट, पुढं-मागं मिळून चार इंडिकेटर, मागं दोन लाल दिवे आणि एक रिव्हर्सचा, असे नऊ दिवे बसवले. त्यात दोनदा तोंडघशी पडलो. ते सगळं इथं क्रमानं सांगतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं नसलं तरी चालेल. सोल्डर करता येत असेल आणि मल्टीमीटरचा नॉब कुठं फिरवायचा हे माहीत असेल तर बाकीचं जमतं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात घ्या. दिवे बिघडले तर गाडी चालत राहिली पाहिजे, पण दिव्यांपायी गाडी बिघडता कामा नये. दिव्यांची वीज आणि रिसीव्हरची, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या गाडीतल्या डबीची, वीज बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून येते. बॉडीत एखादी वायर सोलवटून शॉर्ट झाली तर रिसीव्हरच झोपतो, आणि मग गाडी तुमच्या हातात राहत नाही. पुढच्या बऱ्याच सूचना याच एका कारणासाठी आहेत.

वीज कुठून घ्यायची

मोटरचा वेग सांभाळणारा जो डबा असतो, म्हणजे ईएससी, त्याच्या पोटातच एक छोटा पुरवठा असतो. त्याला बीईसी म्हणतात. मुख्य बॅटरीचे ७.४ किंवा ११.१ व्होल्ट उतरवून तो रिसीव्हरला आणि स्टिअरिंगच्या सर्व्होला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरला, ५ किंवा ६ व्होल्ट देतो. क्रॉलरच्या काही ईएससीत हा आकडा ७.४ पर्यंत वाढवायची सोय असते. तुमचा आकडा किती, हे पुस्तिकेत वाचण्यापेक्षा मोजून घ्या. गाडी चालू करा, मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि रिसीव्हरच्या रिकाम्या खोबणीत मधल्या पिनेला लाल टोक व मायनसच्या पिनेला काळं टोक लावा. मधली पिन प्लसची असते. कडेच्या दोन पिनांपैकी एक मायनस आणि दुसरी सिग्नलची. कोणती कुठली ते रिसीव्हरवर छापलेलं असतं.

नऊ दिवे प्रत्येकी १० मिलिअँपिअर धरले तरी एकूण ९० होतात. ५००० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीतून अर्ध्या तासात जेमतेम ४५ जातात, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. त्यामुळं 'लाइट लावले की बॅटरी लवकर उतरते' ही भीती बिनबुडाची आहे. बॅटरी खातो तो मोटर आणि सर्व्हो.

थेट मुख्य बॅटरीवरून दिवे जोडणारेही भेटतील. जोडता येतात, पण दोन धोके आहेत. ईएससीचं बटण बंद केलं तरी ते दिवे चालूच राहतात, आणि ईएससीत लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीसाठी जो किमान व्होल्टचा पहारा असतो तो या वाटेवर नसतो. चालवून दमलेली बॅटरी दिव्यांसकट रात्रभर पडून राहिली की सेल ३ व्होल्टच्या खाली जातो, आणि एकदा गेलेला लायपो पूर्वीसारखा कधी होत नाही. दुसरी चूक याहून वाईट. काहीजण बॅलन्स वायरमधून, म्हणजे चार्जरला प्रत्येक सेल वेगळा दिसावा म्हणून असलेल्या बारीक वायरींमधून, एकाच सेलवरून ३.७ व्होल्ट काढतात. तो एक सेल बाकीच्यांपेक्षा जास्त उतरतो आणि पुढच्या चार्जिंगला बॅटरी तिरकी होते. हे करू नका.

आपण रिसीव्हरच्या रिकाम्या खोबणीतून, म्हणजे बीईसीवरून वीज घेऊ. वाटेत प्लसच्या वायरवर २०० मिलिअँपिअरचा पॉलिफ्यूज घालायचा. हा नाण्याएवढ्याहून लहान, पिवळसर चकतीसारखा असतो. शॉर्ट झालं की तापून वाट अडवतो, गार झाला की पुन्हा मोकळी करतो. माझ्या पहिल्या जोडणीत हा नव्हता. कॅरिअरखालची वायर घासून शॉर्ट झाली, रिसीव्हर बंद पडला आणि जीप उतारावरून करवंदीच्या जाळीत गेली. जाळीतून ती काढताना हातावर ओरखडे उठले, तेव्हा फ्यूजचं महत्त्व कळलं.

बीईसी ६ व्होल्टचा असेल तर फ्यूजनंतर १एन४००७ हा डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) मालिकेत, म्हणजे त्याच वायरीच्या वाटेत, घाला. तो पाऊण व्होल्टच्या आसपास खातो, म्हणजे पुढं सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यान मिळतात. शिवाय प्लग उलटा लागला तर वीज अडवतो. डायोडच्या अंगावरचा पट्टा दिव्यांच्या बाजूला येईल असा लावायचा. बीईसी ५ चा असेल तर डायोड नको.

रेझिस्टरचा हिशोब

एलईडीला थेट ५ व्होल्ट दिले की क्षणभर सुंदर उजेड पडतो आणि मग कायमचा अंधार. प्रत्येक एलईडीला आपापला ठरलेला व्होल्ट लागतो. पांढऱ्याला साधारण ३, लाल आणि पिवळ्याला साधारण २. उरलेले व्होल्ट रेझिस्टरनं खायचे असतात.

हिशोब एका ओळीचा. पुरवठ्यातून एलईडीचे व्होल्ट वजा करा आणि हव्या असलेल्या अँपिअरनं भागा. ५ मिलिमीटरचे साधे एलईडी २० मिलिअँपिअरपर्यंत सोसतात, पण १० वर उजेड पुरेसा पडतो आणि ते थंड राहतात. पांढऱ्यासाठी ५ वजा ३ म्हणजे २, त्याला ०.०१ नं भागलं की २०० ओहम. बाजारात जवळचा मिळतो २२०. लालसाठी ५ वजा २ म्हणजे ३, भागून ३००, जवळचा ३३०. डायोडनंतरच्या सव्वापाच व्होल्टलाही हेच दोन आकडे चालतात. रेझिस्टर पाव वॅटचा घ्या. त्याला सोसावे लागतात ते ०.०३ वॅटसुद्धा नसतात, तेव्हा काळजी नको.

रंग ओळखायला शिका. २२० म्हणजे लाल, लाल, तपकिरी. ३३० म्हणजे नारिंगी, नारिंगी, तपकिरी. चौथा सोनेरी पट्टा असतो. मी एकदा लाल-लाल-लाल उचलला. तो निघाला २.२ किलोओहम, म्हणजे दहापट. हेडलाइट काजव्यासारखा लुकलुकायला लागला आणि मी अर्धा तास एलईडीला शिव्या देत बसलो. ट्यूबलाइटच्या उजेडात लाल आणि तपकिरी सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मीटरवर मोजायचा.

दोन दिव्यांना मिळून एकच रेझिस्टर लावायचा मोह होतो. पण एकाच पाकिटातले दोन एलईडी व्होल्टच्या बाबतीत तंतोतंत सारखे नसतात. ज्याला थोडा कमी व्होल्ट लागतो तो जास्त करंट ओढतो आणि दोन्ही हेडलाइट वेगवेगळे दिसतात. प्रत्येक दिव्याला आपला रेझिस्टर, हा नियम पाळा. पांढरे दोन एलईडी एकामागं एक जोडायचे म्हणाल तर ३ अधिक ३ म्हणजे ६ व्होल्ट लागतात. ५ व्होल्टवर ते धड पेटायचेच नाहीत.

याच कारणानं मोटरसायकल सजवायच्या दुकानातली ती एलईडी पट्टी इथं कामाची नाही. ती १२ व्होल्टची असते, तिच्या प्रत्येक तुकड्यात तीन एलईडी मालिकेत असतात. ५ व्होल्टवर ती मेल्यासारखी पडून राहते. कोल्हापुरात ती पट्टी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, म्हणून सांगून ठेवलं.

सामान

पाच मिलिमीटरचे पिवळसर पांढरे एलईडी दोन, तीन मिलिमीटरचे पिवळे चार, लाल दोन, पांढरा एक. प्रत्येकी दोन-दोन जादा घ्या, कारण एखादा पाय मोडतोच. जुन्या जीपचे दिवे हॅलोजनचे पिवळट असायचे. दुधासारखा निळसर पांढरा एलईडी लावलात तर जीप जुनी न दिसता खेळण्यासारखी दिसते. एलईडी, रेझिस्टर, डायोड, फ्यूज हे सगळं मिळून मिसळीच्या एखाद-दुसऱ्या प्लेटच्या पैशात होतं.

वायर बारीक, पण अनेक तारांची घ्या. सिलिकॉनच्या वेष्टनाची असेल तर उत्तम. टेलिफोनच्या किंवा लॅनच्या केबलमधली एकेरी तांब्याची तार हाताशी असते आणि वाकवली की जागच्या जागी राहते, म्हणून ती वापरावीशी वाटते. पण गाडीच्या हादऱ्यांनी ती सांध्यापाशी तुटते, आणि तीही वेष्टनाच्या आत, जिथं डोळ्याला दिसत नाही. यांखेरीज उष्णतेनं आकसणारी स्लीव्ह, सर्व्होचे प्लग, मास्किंग टेप आणि २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न. ब्रेक आणि इंडिकेटर हवे असतील तर आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड) एक, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर पाच, १ किलोओहमचे रेझिस्टर पाच.

बॉडीची तयारी

पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवतात. दिव्यांचं काम करायचं असेल तर रंगाआधी ठरवणं शहाणपणाचं. हेडलाइटच्या काचेची जागा आतून मास्किंग टेपनं गोल कापून झाकायची, म्हणजे ती पारदर्शकच राहते आणि एलईडी मागं बसवला की भोक पाडायची गरज उरत नाही.

रंगातून उजेड झिरपतो, हे मला नंतर समजलं. अंधारात हेडलाइट लावले तर अख्खं बोनेट आतून कंदिलासारखं उजळलं. यावर उपाय म्हणजे पाठीमागून काळा थर. पण पांढऱ्यावर थेट काळा मारलात तर बाहेरून पांढरा मळकट दिसतो. म्हणून आधी पांढरा, तो वाळला की चंदेरी, आणि शेवटी काळा. बॉडी आधीच रंगवलेली असेल तर दिव्याभोवती आतून काळी इन्सुलेशन टेप लावा, काम भागतं.

इंडिकेटर आणि मागच्या लाल दिव्यांना भोकं पाडावी लागतात. बाहेरून मास्किंग टेप लावून त्यावर पेन्सिलनं खुणा करा. दोन्ही बाजूंचं अंतर चाकाच्या कमानीपासून मोजू नका, बॉडीच्या मध्यरेषेपासून मोजा, नाहीतर जीप तिरळी दिसते. आधी दीड-दोन मिलिमीटरचं बिट बोटांत धरून हातानं फिरवत भोक घ्या, मग निमुळत्या रीमरनं किंवा गोल कानशीनं हळूहळू ३ मिलिमीटरपर्यंत वाढवा. उद्यमनगरच्या आसपास हत्यारांच्या दुकानांना तोटा नाही, रीमर मिळून जातो. मशीनचं ड्रिल वेगानं फिरवलं तर पॉलिकार्बोनेट वितळून गुंडाळतं. तापवलेली सुई खुपसण्याचा गावठी उपाय तर विसराच. भोकाची कड खडबडीत राहिली की पहिल्याच पलटीला तिथून तडा जातो. कड बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत करून घ्या.

पाच मिलिमीटरच्या एलईडीचा झोत अरुंद असतो, भिंतीवर एक ठिपका पडतो आणि दिवा समोरून पाहिल्याशिवाय पेटलाय हेच कळत नाही. एलईडीचं गोल डोकं ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट आणि दुधी करा. उजेड पसरतो आणि दिवा भरलेला दिसतो. मागं परावर्तक म्हणून किल्लीच्या जुन्या टॉर्चमधली चंदेरी वाटी उत्तम. आणि हेडलाइटला फुगीर काच हवी असेल तर औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट घ्या. त्यातला पारदर्शक फुगा कापून बसवला तर जुन्या जीपची काचच वाटते. ही कल्पना माझ्या बहिणीची, श्रेय तिला.

सोल्डर

गुजरीत सोनाराला डाख लावताना कधी पाहिलंय? तो ज्योत डाखावर धरत नाही, दागिना तापवतो, आणि तापलेल्या दागिन्यावर डाख आपोआप धावतो. आपलं सोल्डरही तसंच. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन वायरीवर थापला तर तो वरवर बसतो, आणि दोन दिवसांनी निसटतो. टोक सांध्याला टेकवा, दीड-दोन सेकंद थांबा, मग सोल्डरची तार सांध्याला लावा. ती वितळून चकचकीत पसरली की काम झालं. मळकट, गोळा झालेला सांधा पुन्हा तापवायचा.

एलईडीचा लांब पाय प्लस. पाय कापल्यावर ओळखायचं असेल तर घेराची एक कड सपाट असते, ती मायनसची बाजू. शंका आली तर मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून टोकं लावून पाहा, बरोबर दिशेला तो मंद पेटतो. पाय मुळाशी वाकवू नका. पक्कडीनं मुळापासून तीनेक मिलिमीटरवर धरून पुढचा भाग वाकवा. नाहीतर आतली जोडणी सुटते आणि दिवा कधी पेटतो, कधी नाही. रेझिस्टर मी कायम प्लसच्या पायाला लावतो. विजेच्या दृष्टीनं कोणत्याही पायाला चालतो, पण सवय एकच ठेवली की बिघाड शोधताना डोकं कमी खाजवावं लागतं.

स्लीव्ह सोल्डरच्या आधी वायरीत ओवा. हे वाक्य मी टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवलंय, तरीही दर पाचव्या सांध्याला विसरतो.

चिकटवायचं कशानं

इथं बऱ्याच जणांची घाई नडते. फेविक्विकसारख्या झटपट गोंदाची वाफ पारदर्शक पॉलिकार्बोनेटवर पांढरा धूर धरते, हेडलाइटची काच मोतीबिंदू झाल्यासारखी दिसते. हॉट ग्लू सोपा, पण गुळगुळीत बॉडीवरून धक्क्यानं सोलून निघतो आणि उन्हाळ्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेली बॉडी असेल तर मऊही पडतो. वायरी तात्पुरत्या धरायला मी तो वापरतो, दिव्यांना नाही.

सिलिकॉन सीलंट लवचीक असतो, हादरे पचवतो, हवा तेव्हा सोलूनही काढता येतो. फक्त व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा नको. तो वाळताना जे आम्ल सोडतो ते तांब्याला खातं आणि सांधे हिरवे पडतात. नळीवर न्यूट्रल लिहिलेला घ्या. चपला-बूट चिकटवायचा रबरी गोंदही चालतो, पण त्यातला द्राव प्लॅस्टिकला चावू शकतो. बॉडीच्या कापून उरलेल्या तुकड्यावर एक ठिपका लावून रात्रभर ठेवा, सकाळी तडे दिसले नाहीत तरच वापरा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचा द्राव यांपैकी काहीही पॉलिकार्बोनेटच्या जवळ आणू नका.

वायरी बॉडीच्या आतून कडेकडेनं न्या, दर पाच-सहा सेंटिमीटरवर चिकटवा, पण दिव्याजवळ थोडा ढिला वळसा ठेवा. ताण सांध्यावर न येता गोंदावर आला पाहिजे. चाकं पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून पाहा, टायर कुठं वायरीला लागतोय का. रिसीव्हरच्या अँटेनापासून वायरी लांब ठेवा.

पहिली जोडणी: सतत चालू

सगळ्या दिव्यांचे प्लस एकत्र, सगळे मायनस एकत्र, दोन वायरी फ्यूजमार्गे रिसीव्हरच्या रिकाम्या खोबणीला. सिग्नलच्या पिनेला काही लावायचं नाही. वाटेत एक छोटं सरकतं बटण. नवख्यानं इथंच थांबावं आणि आठ-पंधरा दिवस गाडी चालवून सांधे टिकतात का पाहावं.

रिमोटवर तिसऱ्या चॅनेलचं बटण असेल तर त्यावरून दिवे लावायची इच्छा होते. पण तिसऱ्या खोबणीतले प्लस-मायनस कायम चालूच असतात. बटणानं बदलतो तो फक्त सिग्नल, आणि तोही सेकंदाला साधारण पन्नास वेळा येणारा एक छोटा ठोका असतो. एलईडी सिग्नलला जोडून काही होत नाही. त्यासाठी तो ठोका वाचणारा छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच मिळतो तो लावा, किंवा पुढच्या टप्प्यातल्या नॅनोलाही हे काम देता येतं.

दुसरी जोडणी: ब्रेक, रिव्हर्स, इंडिकेटर

रिसीव्हर ईएससीला आणि सर्व्होला जे ठोके पाठवतो त्यांची लांबी सगळं सांगते. मधल्या स्थितीत साधारण १५०० मायक्रोसेकंद, एका टोकाला १०००, दुसऱ्या टोकाला २०००. नॅनोनं ही लांबी मोजायची आणि त्यावरून दिवे लावायचे.

वाय आकाराची सर्व्हो केबल घेऊन थ्रॉटलची, म्हणजे ईएससी जिथं लागतो ती, खोबण दुभागा, तशीच स्टिअरिंगची. नॅनोकडं जाणाऱ्या फाट्यातून फक्त सिग्नलची वायर घ्या, प्लस-मायनस कापून टाका. वीज तिसऱ्या, रिकाम्या खोबणीतून फ्यूजमार्गे येईल, आणि ती नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनेला द्यायची. त्या पिनेला साडेपाचच्या वर देऊ नका. डायोड लावूनही मीटर जास्त दाखवत असेल तर आणखी एक डायोड मालिकेत घाला. बीईसी ७.४ वर ठेवलेला असेल तर नॅनोच्या व्हिन पिनेला द्या आणि दिव्यांसाठी नॅनोच्या ५ च्या पिनेवरून घ्या.

नॅनो पहिल्यांदा मी चॅसीवर, म्हणजे बॉडीखालच्या सांगाड्यावर, ठेवला होता. बॉडीकडं सहा वायरींचा जुडगा, बॅटरी बदलताना दरवेळी तो सोडवायचा. आता तो बॉडीत टपाला आतून चिकटवलाय, म्हणजे प्लस, मायनस आणि दोन सिग्नल अशा चारच वायरी प्लगमधून जातात. पॉलिफ्यूज मात्र चॅसीच्याच बाजूला, प्लगच्या अलीकडं. तो बॉडीत ठेवला तर प्लगपाशी झालेल्या शॉर्टला काही राखणदार उरत नाही.

नॅनोच्या एका पिनेवर २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त भार टाकू नये. दोन दिव्यांचाच तेवढा होतो, म्हणून मी प्रत्येक गटाला बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावला. नॅनोच्या हलक्या इशाऱ्यावर तो बटणासारखा दिव्यांचा भार चालू-बंद करतो. सपाट बाजू आपल्याकडं आणि पाय खाली असताना डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर मायनसला, बेस १ किलोओहममधून नॅनोच्या पिनेला, आणि कलेक्टरला त्या गटातल्या दिव्यांचे मायनस पाय. गट पाच: हेडलाइट, डावे इंडिकेटर, उजवे इंडिकेटर, मागचे लाल, रिव्हर्स. लाल दिव्याची पिन उजेड कमी-जास्त करता येणारी निवडा, म्हणजे रात्री तोच दिवा मंद जळतो आणि ब्रेकला भडकतो.

प्रोग्रॅम लिहिण्याआधी फक्त ठोके मोजून संगणकावर आकडे छापून पाहा. माझ्या रिमोटवर मध्य १४८८ निघाला, आणि पुढं जाताना आकडा वाढायच्या ऐवजी कमी होत होता. तुमचा कसा, हे बघितल्याशिवाय लिहू नका. ठोका मोजायच्या आज्ञेला २५,००० मायक्रोसेकंदांची मुदत द्या. न दिल्यास ठोका न आल्यावर नॅनो एक सेकंद ताटकळत बसतो. मुदत संपूनही ठोका आला नाही तर सिग्नल गेलाय असं समजून चारही इंडिकेटर उघडझाप करायला लावा. सिग्नल गेल्यावर ठोके थांबवणारा रिसीव्हर असेल तर गाडी रेंजबाहेर गेल्याचं लांबून कळतं. आणि संगणकाला जोडताना गाडीकडचा प्लग काढून ठेवा, नॅनोला दोन बाजूंनी वीज नको.

ब्रेकचा तर्क गाडीप्रमाणं बदलतो. रस्त्यावर पळणाऱ्या गाडीचा ईएससी पुढं, ब्रेक, मग रिव्हर्स असा असतो. ट्रिगर पुढून थेट मागं ढकलला तर ब्रेक. मध्ये आणून पुन्हा मागं ढकलला तर रिव्हर्स. म्हणून नॅनोला आधीची दिशा लक्षात ठेवावी लागते. शेवटचं 'पुढं' असेल आणि ठोका मागच्या बाजूला गेला, तर लाल दिवा. मध्याला येऊन पुन्हा मागं गेला, तर पांढरा. क्रॉलरमध्ये मात्र ट्रिगर सोडला की ईएससी मोटर आपोआप धरून ठेवतो, गाडी चढावर तशीच उभी राहते. तिथं मध्य म्हणजेच ब्रेक. मध्याच्या अलीकडं-पलीकडं ३० मायक्रोसेकंदांत ठोका असेल तर लाल दिवा, मागच्या बाजूला गेला की लगेच रिव्हर्स. माझा अर्धा प्रोग्रॅम या एका गोष्टीनं कमी झाला.

इंडिकेटर स्टिअरिंगवरून चालवायचे तर ते सारखे टिमटिमतात, कारण सरळ जातानाही आपण चाक इकडंतिकडं हलवत असतो. म्हणून ठोका मध्यापासून १५० मायक्रोसेकंदांपेक्षा लांब गेला आणि निदान पाव सेकंद तिथंच राहिला, तरच सुरू करा. वेग मिनिटाला ९० उघडझापा ठेवला की खऱ्या गाडीसारखा वाटतो. म्हणजे एक-तृतीयांश सेकंद चालू आणि तेवढाच बंद. हे थांबा-आज्ञेनं करू नका, नाहीतर तेवढा वेळ नॅनो ठोके वाचायचं सोडून देतो. नॅनोच्या आतल्या घड्याळाचा आकडा पाहून ठरवा.

पहिली चाचणी

गाडी विटेवर चढवा, चारही चाकं अधांतरी. बॅटरी लावण्याआधी बॉडीच्या प्लगवर प्लस आणि मायनसमध्ये मीटरनं शॉर्ट तपासा. मीटर वाजला तर बॅटरीला हात लावू नका, आधी चूक शोधा. मग आधी रिमोट, नंतर गाडी चालू करायची. बंद करताना उलट क्रम. स्टिअरिंग पूर्ण वळवून धरा. सर्व्हो जोर लावताना दिवे लुकलुकले तर बीईसीची ताकद कमी पडतेय. दिव्यांची वीज वेगळ्या छोट्या ५ व्होल्टच्या कन्व्हर्टरवरून घ्या, त्याचा प्लस बीईसीच्या प्लसला न जोडता फक्त मायनस एक करा. हा कन्व्हर्टर मुख्य बॅटरीवर बसतो, म्हणून घरी आल्यावर बॅटरीचा प्लग काढायला विसरू नका. दिवे पेटत असताना बॉडी जोरात हलवा, बोटानं टकटक करा. कच्चा सांधा इथंच उघडा पडतो.

आपल्याकडं जून ते सप्टेंबर चिखल चुकत नाही. नॅनोला आणि प्लगच्या पाठीला न्यूट्रल सिलिकॉनचा पातळ थर द्या, प्लगचं तोंड खाली ठेवा म्हणजे पाणी साचत नाही. चिखलातून आल्यावर बॉडी सोडवून उलटी वाळवा आणि प्लगच्या पिना पाहा, हिरवट दिसल्या तर बदला.

हे सगळं झाल्यावर पुन्हा टेकडीवर गेलो. दिवे लागले, इंडिकेटर उडाले, चढावर ट्रिगर सोडला तर लाल दिवा भडकला. भाच्यानं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "मामा, वडापच्या गाडीचं दोन्ही हेडलाइट सारखं कधी असत्यात व्हय?" घरी येऊन उजव्या हेडलाइटचा २२० ओहमचा रेझिस्टर काढला आणि १ किलोओहमचा लावला: तपकिरी, काळा, लाल. आता तो डाव्याच्या साधारण एक-पंचमांश करंटवर जळतो.